जे येत नाहीत, त्यांचा विचार आधी: शहरातील सार्वजनिक जागा सर्वांची कशी करावी

शहरातला चौक, उद्यान, नदीकाठ किंवा रुंद पदपथ कागदोपत्री सर्वांचा असतो. तिथे तिकीट लागत नाही आणि दारात कोणी कोणाला अडवत नाही. तरीही अशा जागेवर तासभर थांबून नीट पाहिले, तर ठरावीक वयाचे आणि ठरावीक थरांतले लोकच पुन्हा पुन्हा दिसतात. बाकीचे बाहेरच्या बाहेर निघून जातात. काठी टेकत चालणारी वृद्ध स्त्री फाटकापर्यंत येऊन मागे फिरते, बारा वर्षांची मुलगी मैदानाच्या कडेकडेने घर गाठते, जवळच्या बांधकामावर राबणारा मजूर दुपारची विश्रांती रस्त्याच्या दुभाजकावर घेतो. कोणी मनाई केलेली नसताना ही माणसे का येत नाहीत, हे शोधून काढणे ही सर्वसमावेशक जागा घडवण्याची पहिली पायरी आहे आणि माझ्या मते निम्मे कामही तेच आहे. आराखडा, बाके, दिवे आणि झाडे यांचा विचार त्यानंतर करावा.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये या विषयासाठी ११.७ हे स्वतंत्र लक्ष्य आहे. २०३० पर्यंत सुरक्षित, समावेशक आणि सहज पोहोचता येईल अशा हिरव्या व सार्वजनिक जागा सर्वांना, विशेषतः स्त्रिया, मुले, वृद्ध आणि अपंग व्यक्तींना मिळाव्यात, असे ते सांगते. धोरणाच्या पातळीवर ही गोष्ट मान्य झालेली आहे. प्रत्यक्ष जागेवर ती कशी उतरवायची, हे रहिवाशांनी, पालिकेच्या अभियंत्यांनी, वास्तुरचनाकारांनी आणि स्वयंसेवी गटांनी मिळून ठरवायचे असते. पुढील मांडणी त्यांच्यासाठी आहे.

आधी पाहणी आणि मोजणी

कोणत्याही जागेचे काम हाती घेण्यापूर्वी तिची मोजणी करावी. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. जागेचा हाताने काढलेला नकाशा, रकाने आखलेला कागद आणि घड्याळ एवढे पुरते. कामाचा एक दिवस आणि सुटीचा एक दिवस निवडावा. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि अंधार पडल्यानंतर प्रत्येकी पंधरा मिनिटे एकाच ठिकाणी थांबून नोंद घ्यावी. अंदाजे वय, स्त्री की पुरुष, एकटे की सोबत, नुसते ओलांडून जाणारे की थांबलेले, थांबले असल्यास काय करत आहेत, सोबत बाबागाडी, काठी किंवा व्हीलचेअर आहे का, इतके रकाने पुरेत. नावे विचारू नयेत आणि छायाचित्रे काढू नयेत. आपल्यावर कोणी पाळत ठेवत आहे असे वाटले की लोक वागणे बदलतात, आणि ज्यांना आधीच हुसकावून लावले जाण्याची भीती असते ते तर निघूनच जातात.

यानंतरचा टप्पा बहुतेक वेळा राहून जातो. आलेल्या आकड्यांची तुलना आसपासच्या वस्तीच्या रचनेशी करावी. परिसरात वृद्धांचे प्रमाण मोठे असून मोजणीत ते जवळजवळ दिसलेच नाहीत, शाळा शेजारी असून अंधारापूर्वीच मुले नाहीशी झाली, संध्याकाळी थांबलेल्यांमध्ये स्त्रिया अगदी मोजक्या निघाल्या, अशी प्रत्येक तफावत म्हणजे पुढच्या कामाचा एक मुद्दा असतो. शहरी जीवनाचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील लहान चौकांवर कॅमेरे लावून लोकांच्या वावराचा बारकाईने अभ्यास केला. स्त्रिया बसण्याची जागा अधिक चोखंदळपणे निवडतात, त्यामुळे एखाद्या चौकात त्यांचे प्रमाण कमी असेल तर त्या चौकात काहीतरी बिनसले आहे असे समजावे, हे त्यांचे निरीक्षण आजही उपयोगी पडते. मोजणीत दुसरे काहीच जमले नाही, तरी एवढा एक आकडा अवश्य घ्यावा.

माणसांबरोबर त्यांच्या खुणाही टिपाव्यात. गवतावर पडलेली पायवाट लोकांना खरोखर कुठून जायचे आहे ते सांगते. कठड्याचा गुळगुळीत झालेला भाग, बसण्यासाठी कोणीतरी आणून ठेवलेला दगड, झाडाखाली सरकवलेली मोडकी खुर्ची या सगळ्या खुणा म्हणजे लोकांनी स्वतःच काढलेला आराखडा असतो, आणि नव्या रचनेत त्या पुसून टाकण्याऐवजी तिथेच वाट किंवा बाक देणे शहाणपणाचे ठरते.

मुली कुठे जातात?

पाहणीतून काय हाती लागू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण व्हिएन्नाचे आहे. तेथील उद्यानांचा १९९६-९७ च्या सुमारास अभ्यास झाला, तेव्हा असे आढळले की वयाची नऊ वर्षे ओलांडल्यानंतर मुलींची संख्या झपाट्याने घटते. मुलग्यांची मात्र तशी घटत नाही. मुलींना खेळण्यात रस नसतो, असा सोपा निष्कर्ष तिथल्या नियोजकांनी काढला नाही. उद्यानात मोकळी जागा एकच असेल आणि तिच्यासाठी चढाओढ असेल, तर ती मुलग्यांच्या ताब्यात जाते आणि मुली भांडत न बसता निघून जातात, असे त्यांच्या लक्षात आले. पुढे त्याच शहरातील दोन उद्यानांची फेररचना करण्यात आली. वाटा सुगम केल्या गेल्या, एका मोठ्या मोकळ्या पटांगणाऐवजी लहान लहान भाग पाडले गेले आणि वेगवेगळ्या खेळांची सोय झाली. त्यानंतर वेगवेगळे गट एकमेकांना न हुसकावता उद्यान वापरू लागले.

यातून उचलण्यासारखी गोष्ट अगदी ठोस आहे. चारी बाजूंनी उंच जाळी आणि एकच अरुंद दार असलेले मैदान डोळ्यांपुढे आणावे. त्या दाराशी चार मुले टेकून उभी आहेत आणि आत खेळ रंगला आहे. दहा-अकरा वर्षांच्या दोन मैत्रिणींना आत जायचे तर त्या चौघांमधून वाट काढावी लागेल आणि आत गेल्यावर नकोसे वाटले, तर त्याच चौघांमधून बाहेर यावे लागेल. त्या जाळीबाहेर क्षणभर थबकतात आणि पुढे चालू लागतात. या प्रसंगात कोणी कोणाला एक शब्दही बोललेले नाही, म्हणून तक्रारवहीत त्याची नोंद कधीच होत नाही. उपाय मात्र महाग नाही. जाळीला दोन-तीन रुंद उघडे भाग ठेवावेत, एका मोठ्या मैदानाचे दोन-तीन लहान तुकडे करावेत, आणि मैदानाच्या कडेला एका रांगेतल्या बाकांऐवजी समोरासमोर बसून गप्पा मारता येतील अशी पायऱ्यांची किंवा ओट्यासारखी बैठक द्यावी. झोपाळे केवळ लहानग्यांच्या मापाचे न ठेवता मोठ्या मुलींना बसता येतील असेही लावावेत.

लोकांकडे जाऊन ऐकणे

सभागृहात संध्याकाळी बोलावलेल्या जाहीर बैठकीला जे येतात, त्यांच्याकडे वेळ असतो, बोलण्याचा सराव असतो आणि बहुधा घरही स्वतःचे असते. त्यांचे म्हणणे चुकीचे नसते, पण ते सगळ्यांचे नसते. म्हणून बैठक घ्यावी, मात्र केवळ तिच्यावर विसंबू नये. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी, दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात, बसथांब्यावर, मजुरांच्या जेवणाच्या सुटीत, रात्रपाळी संपवून परतणाऱ्यांच्या वाटेवर जाऊन बोलावे. पहाटे जागा झाडणारे कामगार, रखवालदार आणि कडेला बसणारे विक्रेते यांच्याइतकी त्या जागेची माहिती दुसऱ्या कोणालाही नसते. त्यांना मात्र क्वचितच कोणी काही विचारते.

प्रश्न कसा विचारला जातो, यावर उत्तराचा कस ठरतो. ‘तुम्हाला इथे काय हवे?’ असे विचारले की लोक कुठेतरी पाहिलेल्या वस्तूंची यादी देतात, आणि तीत कारंजे हमखास असते. त्याऐवजी ‘इथून जाताना तुम्ही कोणता रस्ता टाळता?’, ‘शेवटचे इथे बसलात ते कधी आणि का उठलात?’, ‘मुलाला एकट्याला इथे पाठवाल का, नसल्यास का नाही?’ असे प्रश्न विचारावेत. त्यातून अडचण कळते, आणि अडचण कळली की उपाय शोधणे हे जाणकारांचे काम आहे. लहान मुलांशी बोलण्याचा उत्तम मार्ग म्हणजे त्यांच्याबरोबर जागेवर फेरफटका मारणे आणि ती कुठे धावतात, कुठे बिचकतात हे पाहणे. अंध व्यक्ती आणि व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती यांच्यासोबत घरापासून बाकापर्यंतचा संपूर्ण प्रवास एकदा तरी करावा, कारण अडथळा पुष्कळदा उद्यानात नसून त्याच्या अलीकडच्या चौकात असतो. रोजंदारीवर जगणाऱ्यांचा वेळ घेतला तर त्याचा मोबदला द्यावा. तज्ज्ञाला सल्ल्याचे मानधन मिळते; मग स्वतःच्या वस्तीबद्दल माहिती देणाऱ्याने मजुरी बुडवून यावे, ही अपेक्षा न्याय्य नाही.

आराखड्याचा नकाशा अनेकांना वाचता येत नाही आणि ते तसे सांगायला संकोचतात. म्हणून शक्य तिथे चुन्याने किंवा खडूने प्रत्यक्ष जागेवरच पूर्ण मापात रेषा आखाव्यात. ‘इथे वाट, इथे बाक, इथे झाड’ असे पायाखाली दिसले की नकाशापुढे गप्प बसलेली माणसे बोलू लागतात. सूचनाफलक परिसरात बोलल्या जाणाऱ्या सर्व भाषांत आणि मोठ्या अक्षरांत असावेत.

ऐकून घेतल्यावर परत जाऊन सांगणे बंधनकारक मानावे. लोकांनी काय सांगितले, त्यातले काय होणार, काय होणार नाही आणि ते का, हे त्याच ठिकाणी जाऊन सांगावे. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्न्स्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी लोकांना केवळ गुंडाळणे आहे, मध्ये नुसती सल्लामसलत आहे आणि सर्वांत वर निर्णयाची सूत्रे लोकांच्या हाती आहेत. आपले काम नेमके कोणत्या पायरीवर आहे, हे आयोजकांनी सुरुवातीलाच प्रामाणिकपणे जाहीर करावे. निर्णय आधीच झालेला असताना लोकांची मते मागवली, तर पुढच्या वेळी खरोखर मत हवे असताना कोणी दार उघडणार नाही. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून अर्थसंकल्पातील काही भाग कशावर खर्च करायचा हे नागरिकांच्या सभांमधून ठरवण्याची पद्धत सुरू केली आणि ती पुढे जगभरातील अनेक शहरांनी उचलली. जागेच्या कामातही निधीचा छोटा का होईना, एक हिस्सा थेट रहिवाशांच्या निर्णयाने खर्च व्हावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. त्यातून येणारी आपुलकी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने येत नाही.

न्यूयॉर्कमधील हाय लाइन हे उद्यान वापरातून गेलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर उभे राहिले आणि त्याचा पहिला टप्पा २००९ मध्ये खुला झाला. ते अतिशय देखणे आहे आणि तिथे पर्यटकांची रीघ लागते. मात्र शेजारच्या सार्वजनिक गृहसंकुलांतील रहिवासी तिकडे फारसे फिरकत नसल्याचे पुढे लक्षात आले. उद्यानाच्या एका संस्थापकांनीच नंतर जाहीरपणे मान्य केले की रचना कशी असावी हे विचारण्याऐवजी तुमच्यासाठी काय करता येईल, हे शेजाऱ्यांना आधी विचारायला हवे होते. पुढे तिथल्या चालकांनी परिसरातील तरुणांसाठी कामाच्या संधी आणि कार्यक्रम सुरू केले. इतक्या नावाजलेल्या प्रकल्पातही ही त्रुटी राहू शकते, म्हणून ऐकण्याच्या टप्प्याला वेळ कमी पडू देऊ नये.

कायमचे बांधण्यापूर्वी करून पाहणे

काँक्रीट ओतण्याआधी रंग, कुंड्या, हलवता येणाऱ्या खुर्च्या आणि तात्पुरती सावली एवढ्यावर प्रयोग करावा. न्यूयॉर्कने मे २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरमधील ब्रॉडवे रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद केला, तेव्हा सुरुवातीला तिथे घडीच्या स्वस्त खुर्च्या मांडल्या होत्या. लोक लगेच येऊन बसू लागले, परिणामांची मोजदाद झाली आणि २०१० मध्ये बदल कायम करण्याचा निर्णय झाला. पक्के बांधकाम त्यानंतर झाले. कोलंबियाची राजधानी बोगोटामध्ये १९७४ पासून रविवारी शहरातील मोठे रस्ते काही तास वाहनांसाठी बंद राहतात आणि शंभराहून अधिक किलोमीटर लांबीचा रस्ता चालणाऱ्यांच्या व सायकलस्वारांच्या हाती येतो. दुपारी अडथळे काढले की रस्ता पूर्ववत होतो. काहीही न बांधता शहराला एवढी मोठी सार्वजनिक जागा मिळते.

प्रयोगाचीही शिस्त असते. बार्सिलोनातील पोब्लेनोऊ भागात २०१६ मध्ये काही गल्ल्यांमधली वाहतूक वळवून त्या लोकांसाठी मोकळ्या केल्या गेल्या, तेव्हा सुरुवातीला स्थानिकांचा मोठा विरोध झाला. आम्हाला पुरेसे विचारले नाही, ही त्यातली मुख्य तक्रार होती. पुढे तिथे बाके, खेळ आणि झाडे आल्यावर जागा रुळली, पण तो विरोध टाळता आला असता. म्हणून प्रयोगाची सुरुवात आणि शेवट यांच्या तारखा घरोघरी आधी कळवाव्यात, अडचण सांगण्यासाठी एक माणूस आणि एक दूरध्वनी क्रमांक द्यावा, अग्निशमन दल व रुग्णवाहिका यांच्यासाठी मोकळी ठेवायची वाट त्या विभागांशी बोलूनच ठरवावी, आणि प्रयोग यशस्वी झाला असे कशावरून म्हणायचे हे आधीच लिहून ठेवावे. पहिल्या पाहणीचे तेच रकाने घेऊन प्रयोगाच्या काळात पुन्हा मोजणी करावी. केवळ गर्दी वाढली म्हणून समाधान मानू नये. जे आधी येत नव्हते ते आले का, हे पाहावे.

रचना: दारापासून बाकापर्यंत

सुगम्यता म्हणजे प्रवेशापाशी एक उतार बांधणे, असा समज अजूनही आहे. प्रत्यक्षात ती एक साखळी असते आणि एक कडी तुटली की सगळी निकामी होते. उतार चांगला असून वर पोहोचल्यावर खडी पसरलेली असेल, तर व्हीलचेअर तिथेच रुतते. उताराचे सर्वमान्य प्रमाण १:१२ आहे, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीची पायरी चढायला किमान १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. जागा असल्यास तो याहून सौम्य ठेवावा आणि दोन्ही बाजूंना कठडे द्यावेत. व्हीलचेअर वळवायला सुमारे १.५ मीटर व्यासाची सपाट जागा लागते, आणि दोन व्हीलचेअर समोरासमोरून जायच्या असतील तर वाट १.८ मीटर रुंद हवी. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून लावलेल्या फिरत्या फाटकांनी मोटारसायकलस्वार फार काळ अडत नाहीत, पण व्हीलचेअर आणि बाबागाडी मात्र कायमची अडते. अशा ठिकाणी योग्य अंतरावरचे खांब लावावेत. त्यांच्यामधून किमान ९० सेंटिमीटरची मोकळी वाट राहील हे मोजून घ्यावे.

अंध व्यक्तींसाठी पदपथावर बसवल्या जाणाऱ्या उठावाच्या लाद्या जपानमधील सेइइची मियाके यांनी शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा येथे अंधशाळेजवळच्या रस्त्यावर प्रथम बसवल्या गेल्या. लांब पट्ट्यांचा उठाव ‘पुढे चला’ आणि ठिपक्यांचा उठाव ‘थांबा, सावध व्हा’ असे सांगतो. या लाद्या शोभेसाठी कुठेही लावल्या, त्यांची दिशा विजेच्या खांबावर नेऊन सोडली किंवा त्यांच्यावर फलक उभा केला, तर त्या नसलेल्या बऱ्या. त्या बसवणाऱ्या कारागिराला त्यांचा अर्थ समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे कामाच्या वेळापत्रकात धरावीत.

बाकाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण जागा आपली आहे की परकी हे माणसाला बसताना कळते. बैठकीची उंची साधारण ४५ सेंटिमीटर असावी; त्याहून खाली असेल तर गुडघे दुखणाऱ्याला उठताना दुसऱ्याचा हात मागावा लागतो. पाठ टेकायला आधार आणि उठताना जोर द्यायला हातांचे आधार हवेत. बाकाच्या एका बाजूला सुमारे ९० सेंटिमीटर रुंदीची फरसबंद मोकळी जागा सोडावी, म्हणजे व्हीलचेअरवरची व्यक्ती वाटेत न थांबता मैत्रिणीच्या शेजारी थांबू शकेल. बाके साधारण ५० मीटरच्या अंतराने असावीत, जेणेकरून एका दमात लांब चालू न शकणारी व्यक्ती टप्प्याटप्प्याने पुढे जाईल. बसवण्याची जागा ठरवताना दुपारी तीनच्या सुमारास तिथे ऊन आहे की सावली, हे स्वतः जाऊन पाहावे. नकाशावर सावली दिसत नाही. व्हाइट यांच्या अभ्यासावरून न्यूयॉर्कने १९७५ मध्ये नियमच केला की चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे बसण्याची एक फूट लांबी असावी. हा आकडा जसाच्या तसा घेतला नाही तरी, आपल्याकडे किती जणांची बसायची सोय आहे हे एकदा मोजून पाहावे. काही बाके स्थिर आणि काही खुर्च्या हलवता येणाऱ्या असाव्यात. खुर्ची दोन वीत सरकवून आपल्याला हवी तशी लावता आली की माणसाला जागेवर हक्क वाटू लागतो.

कोणाला झोपता येऊ नये म्हणून बाकाच्या मधोमध लोखंडी दांडे बसवणे, कठड्यांवर अणकुचीदार खिळे ठोकणे किंवा बैठक मुद्दाम उतरती करणे याला माझा स्पष्ट विरोध आहे. लंडनच्या कॅमडेन भागात २०१२ मध्ये अशाच हेतूने घडवलेले काँक्रीटचे बाक बसवले गेले आणि त्यावर जगभर टीका झाली. बेघर माणसाचा प्रश्न अशा बाकाने सुटत नाही, तो फक्त पुढच्या रस्त्यावर जातो; गरोदर स्त्री, थकलेला वृद्ध आणि चक्कर आलेला माणूस यांना मात्र टेकायला जागा उरत नाही. बेघर व्यक्ती नेहमी थांबत असतील, तर निवारा आणि मदत देणाऱ्या यंत्रणांशी त्यांचा संपर्क जोडून द्यावा.

स्वच्छतागृह नसलेली जागा तासाभराचीच असते, आणि स्त्रिया, लहान मुले, मधुमेही व वृद्ध यांच्यासाठी तर तेवढीही नसते. दार रस्त्याच्या बाजूने दिसेल, आत उजेड असेल, व्हीलचेअर वळेल आणि बाळाचे कपडे बदलता येतील असे स्वच्छतागृह व त्याजवळ पिण्याचे पाणी, या दोन गोष्टी निधी अपुरा पडला तरी कापू नयेत. कापायचेच असेल तर कारंजे कापावे.

दिव्यांच्या बाबतीत प्रखरतेपेक्षा सारखेपणा महत्त्वाचा असतो. एकच झगझगीत दिवा आजूबाजूचा अंधार अधिक गडद करतो आणि समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसेनासा होतो. कमी उंचीचे, जवळजवळ लावलेले, चेहरा ओळखू येईल असा मंद उजेड देणारे दिवे वाटेवर असावेत, आणि ते झाडांच्या पानोऱ्यात अडकणार नाहीत याची लागवडीच्या वेळीच काळजी घ्यावी. झुडपे कमरेच्या खाली आणि झाडांच्या फांद्या डोक्याच्या वर राखल्या, तर नजर आरपार जाते. प्रत्येक भागातून बाहेर पडायला किमान दोन वाटा हव्यात. न्यूयॉर्कमधील ब्रायंट पार्क १९७० च्या दशकात अमली पदार्थांच्या विक्रीमुळे बदनाम झाले होते. उंच कुंपणे व दाट झुडपे यांमुळे ते रस्त्यावरून दिसतच नसे. झुडपे आणि लोखंडी जाळ्या हटवून, प्रवेशमार्ग वाढवून आणि सुट्या खुर्च्या ठेवून १९९२ मध्ये ते पुन्हा खुले झाले आणि गजबजून गेले. भीती घालवण्यासाठी भिंत उंच करण्याची पहिली ऊर्मी आवरावी, ही शिकवण त्यातून मिळते.

खेळण्याच्या साधनांवर मोठा खर्च करण्याची गरज नसते. ॲम्स्टरडॅममध्ये १९४७ पासून वास्तुरचनाकार आल्डो व्हान आइक यांनी पालिकेसाठी शहरभर लहान लहान क्रीडास्थाने आखली. पुढच्या तीन दशकांत त्यांची संख्या सातशेच्या वर गेली. वाळूचा हौद, लोखंडी कमानी, काही गोल ठोकळे आणि बाके एवढ्यावर ती उभी होती. मोकळे पडलेले भूखंड आणि रस्त्यांचे कोपरे त्यासाठी वापरले गेले आणि रहिवासी पत्रे लिहून आपल्या गल्लीत अशी जागा मागू लागले. गोंगाटाने त्रास होणाऱ्या मुलांसाठी कडेला एक शांत, अर्धवट आडोशाचा कोपरा राखून ठेवावा.

नियम, देखभाल आणि निधी

फलकावर मनाईची यादी लावण्याआधी परवानगीची यादी लावावी. इथे गवतावर बसता येते, अमुक वेळेपर्यंत वाद्य वाजवता येते, दुपारी विश्रांती घेता येते, असे लिहिलेले वाचले की बिचकणारी माणसेही थांबतात. एकाच जागेवर दोन गटांचा हक्क असेल, तर वेळेची वाटणी दोघांना समोर बसवून ठरवावी. विक्रेत्यांना अतिक्रमण समजून हटवू नये. त्यांच्यासाठी जागा आखून द्यावी, कारण अंधार पडल्यावर जागेवर सतत नजर ठेवणारे तेच असतात. गणवेशातल्या रखवालदारापेक्षा चौकशीला उत्तर देणारी, मुलांना ओळखणारी, पडलेल्याला उठवणारी परिचारक स्त्री किंवा पुरुष नेमला, तर सुरक्षितता अधिक वाढते.

देखभालीची तरतूद आराखड्यासोबतच करावी. उद्घाटनासाठी निधी मिळतो, तिसऱ्या वर्षी झाडांना पाणी घालायला तो मिळत नाही. निविदेतच काही वर्षांची देखभाल धरावी. शहरात अन्यत्र वापरात असलेलेच दिवे, नळ आणि लाद्या निवडाव्यात म्हणजे सुटे भाग मिळतील. आणि मोडलेली वस्तू किती दिवसांत दुरुस्त होईल हे फलकावर लिहावे. महिनाभर मोडलेले पडलेले बाक, इकडे कोणाचे लक्ष नाही, असा निरोप सगळ्यांना देत असते.

व्यवस्थापनासाठी स्थानिकांची समिती असणे चांगले, पण तिच्यात विक्रेते, भाडेकरू, तरुण मुली आणि अपंग व्यक्ती यांच्या जागा ठरलेल्या असाव्यात व सदस्य ठरावीक काळाने बदलावेत. तसे झाले नाही, तर समिती हळूहळू मूठभरांच्या मंडळासारखी वागू लागते आणि एके दिवशी शिस्तीच्या नावाखाली दुपारी फाटकाला कुलूप लागते. कुलूप लावण्याचा आणि वेळा बदलण्याचा अधिकार समितीला एकटीला कधीही देऊ नये. हिशेब जागेवरच्या फलकावर लावावा.

एका गोष्टीची कल्पना सुरुवातीलाच द्यायला हवी. जागा सुधारली की आसपासची भाडी वाढू शकतात, आणि ज्यांच्यासाठी ती सुधारली त्यांनाच वस्ती सोडावी लागते. केवळ उद्यानाच्या रचनेतून हा प्रश्न सुटत नाही. भाडेकरूंचे संरक्षण आणि विक्रेत्यांचे परवाने यांबाबत पालिकेशी बोलणी काम सुरू होण्यापूर्वीच करावी लागतात. रचनेच्या बाजूने एवढे करता येते की एकाच ठिकाणी डोळे दिपवणारी जागा उभारण्याऐवजी शहरभर अनेक साध्या, चांगल्या जागा एकाच वेळी कराव्यात, जसे ॲम्स्टरडॅमने केले. चांगले उद्यान प्रत्येक वस्तीत असेल, तर त्यापोटी एखाद्याच वस्तीला जादा भाव येणार नाही.

एकूण निधीतला साधारण दहावा हिस्सा पहिल्या वर्षी खर्चच करू नये. वर्ष पूर्ण झाल्यावर त्याच ऋतूत, त्याच वेळांना, तोच रकान्यांचा कागद घेऊन पुन्हा मोजणी करावी आणि पहिल्या नकाशाशेजारी ती मांडावी. ज्या रकान्यात अजूनही कोणी नाही, त्या लोकांकडे पुन्हा जावे, त्यांच्यासोबत जागेवर फिरावे आणि राखून ठेवलेले पैसे त्यांनी दाखवलेल्या अडथळ्यावर खर्च करावेत: कुठे एक बाक सावलीत हलवायचे असते, कुठे जाळीला दुसरे दार पाडायचे असते, कुठे वाटेवरचा दिवा खाली आणायचा असतो.